चरबी स्वतःची, धोका खोलीचा : दक्षिण फ्लोरिडातल्या नितंब-शस्त्रक्रियांचं प्रकरण

भूल दिलेल्या रुग्णाच्या उच्छ्वासात किती कार्बन डायऑक्साइड आहे हे दाखवणारी एक रेषा आमच्या मॉनिटरवर सतत धावत असते. एकामागून एक सारख्या उंचीच्या टेकड्या. रुग्णाच्या फुप्फुसांकडे जाणारं रक्त अचानक अडलं, तर ही रेषा सगळ्यात आधी कोसळते. मशीन श्वास देतच असतं, हवा आत-बाहेर होतच असते, पण फुप्फुसांत रक्तच पोचत नसल्याने बाहेर सोडायला वायू उरत नाही. पाठोपाठ ऑक्सिजन घसरतो, रक्तदाब जातो, ठोके मंदावतात आणि थांबतात. हे सगळं काही मिनिटांत घडतं.

मी भूलतज्ज्ञ आहे. स्वतःची चरबी काढून गालात, डोळ्यांखाली, स्तनात किंवा नितंबात भरून घेण्याबद्दल विचारणाऱ्या रुग्णांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : ‘माझीच चरबी आहे ना डॉक्टर, मग काय होणार?’ यातला पहिला अर्धा भाग अगदी खरा आहे. शरीर स्वतःची चरबी परकी म्हणून नाकारत नाही, ॲलर्जी येत नाही. पण ‘मग काय होणार’ या दुसऱ्या अर्ध्याचं उत्तर अमेरिकेतल्या मायामी आणि आसपासच्या, म्हणजे दक्षिण फ्लोरिडातल्या, शवविच्छेदन अहवालांत लिहिलेलं आहे. ते प्रकरण मी इथे सविस्तर मांडते आहे, कारण एका शस्त्रक्रियेत माणसं का मरत होती हे इतकं नेमकं सापडल्यानंतरही मृत्यू थांबले नाहीत, आणि असं का झालं हे समजून घेणं मला फार महत्त्वाचं वाटतं.

आधी शस्त्रक्रिया कशी होते ते पाहू. तिचं प्रचलित नाव ‘ब्राझिलियन बट लिफ्ट’. नावात ‘लिफ्ट’ असली तरी यात काही उचललं जात नाही. पोट, कंबर, पाठ इथून लायपोसक्शनने चरबी खेचून घेतात, तिच्यातलं पाणी, रक्त, फुटलेल्या पेशींचं तेल वेगळं करतात आणि उरलेली चरबी जाड नळीने, म्हणजे कॅन्युलाने, दोन्ही नितंबांत भरतात. चेहऱ्यात भरायची तर चरबी थोडीशीच लागते. इथे एकेका बाजूला काहीशे मिलिलिटर जाते. रुग्ण पालथा असतो, आणि सर्जनच्या हातातली नळी कातडीखाली शिरली की तिचं टोक कुठवर पोचलं हे त्याला दिसत नाही. हाताला जाणवतं, तेवढंच.

चरबीचं रोपण ही कल्पना जुनी आहे. जर्मन शल्यचिकित्सक गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ मध्ये दंडातली चरबी काढून चेहऱ्यावरच्या खोलगट व्रणांत भरली होती, आणि तुकडे लहान असले तरच ते टिकतात हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. ते का टिकतात हे मात्र बऱ्याच नंतर नीट उलगडलं. काढलेल्या चरबीला स्वतःची रक्तवाहिनी नसते. नव्या जागी सुरुवातीचे काही दिवस ती आजूबाजूच्या ऊतींतून झिरपणाऱ्या द्रवावर जगते. तोक्यो विद्यापीठातल्या कोतारो योशिमुरा यांच्या गटाने २०१२ मध्ये दाखवलं की रोपलेल्या गोळ्याच्या बाहेरच्या, ३०० मायक्रोमीटरहूनही पातळ थरातल्याच चरबीपेशी खात्रीने वाचतात. त्याच्या आतल्या पट्ट्यात पेशी मरतात, पण मूळपेशींतून नवी चरबी तयार होऊ शकते. अगदी गाभ्यात सगळंच मरतं. म्हणून तर १९९० च्या दशकात सिडनी कोलमन यांनी चरबी थेंबाथेंबाने, अनेक बोगद्यांतून पसरवत भरण्याची पद्धत रूढ केली. भात लावताना रोपांत अंतर ठेवतात, तसंच हे.

आता या प्रकरणाची गाठ जिथे बसली तिथे येऊ. चरबीला रक्तपुरवठा हवा. स्नायूत रक्तपुरवठा भरपूर असतो. मग कातडीखालच्या थरापेक्षा नितंबाच्या मोठ्या स्नायूतच भरली तर जास्त टिकेल, असा हिशेब झाला. तो चुकीचा वाटावा असं त्यात वरवर काहीच नव्हतं. परिषदांत तो शिकवला जात होता, शोधनिबंधांत लिहिला जात होता. शिवाय कातडीखाली जागा मर्यादित असते, आणि स्नायूत भरलं की आकार मोठा करता येतो. सोशल मीडियामुळे मोठ्या नितंबांची मागणी वाढत गेली, तशी दर शस्त्रक्रियेत भरायची चरबीही वाढत गेली.

पहिला मोठा इशारा अमेरिकेतून आला नाही, मेक्सिकोतून आला. ग्वादालाहाराचे सर्जन लासारो कार्देनास-कामारेना आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ‘आपलं काय चुकतंय?’ असा थेट प्रश्न शीर्षकातच विचारणारा निबंध प्रसिद्ध केला. मेक्सिकोतल्या ४१३ प्लास्टिक सर्जननी कळवलेल्या, लायपोसक्शनशी संबंधित ६४ मृत्यूंपैकी १३ मृत्यू नितंबात चरबी भरताना किंवा भरल्यानंतर झाले होते. कोलंबियातून आणखी ९ नोंदी मिळाल्या. मेक्सिकोच्या १३ पैकी ८ जणींनी ऑपरेशन टेबलावरच, चरबी भरली जात असताना, प्राण सोडला होता. उरलेल्या ५ पुढच्या २४ तासांत गेल्या.

मला या निबंधातला वेळेचा तपशील सर्वांत बोलका वाटतो. हाड मोडल्यावर चरबीचे सूक्ष्म कण रक्तात जाऊन होणारा आजार आम्हा भूलतज्ज्ञांना चांगला परिचित आहे. मांडीचं हाड मोडलेल्या रुग्णाला एक-दोन दिवसांनी धाप लागते, गोंधळ उडतो, अंगावर बारीक लाल ठिपके येतात. त्याला वेळ लागतो, आणि अतिदक्षता विभागात नीट सांभाळलं तर बरेच जण वाचतात. टेबलावरच मिनिटांत मरण येतं याचा अर्थ इथे सूक्ष्म कण नव्हते. डोळ्यांना दिसतील असे चरबीचे लोंढे थेट हृदयात आणि तिथून फुप्फुसाच्या मुख्य वाहिनीत जात होते. दोन्ही गोष्टी ‘फॅट एम्बोलिझम’ या एकाच नावाखाली मोडत असल्याने बराच काळ घोळ झाला आणि हा प्रकार म्हणजे दुर्दैव, टाळता न येणारं, असं समजलं गेलं.

मग अमेरिकेत सौंदर्य-शस्त्रक्रियेच्या संशोधन प्रतिष्ठानाने एक कृतिदल नेमलं. मार्क मोफिद यांच्या नावाने त्याचा अहवाल २०१७ मध्ये आला. जगभरातल्या ४,८४३ सर्जनना प्रश्नावली गेली, ६९२ जणांनी उत्तरं दिली. त्यांनी मिळून आयुष्यभरात १,९८,८५७ अशा शस्त्रक्रिया केल्या होत्या आणि चरबी फुप्फुसात जाऊन झालेले ३२ मृत्यू नोंदवले होते. आणखी १०३ जणांना तोच त्रास होऊन ते वाचले होते. प्रत्येक सात सर्जनमागे एकानेच उत्तर दिलं, तेव्हा खरा आकडा वेगळा असू शकतो. तरीही पुढच्या वर्षी निघालेल्या इशाऱ्यात दर ३,००० शस्त्रक्रियांमागे १ मृत्यू असा अंदाज दिला गेला. सौंदर्यासाठी केलेल्या दुसऱ्या कुठल्याही शस्त्रक्रियेत इतकं मरण नव्हतं. हे वाचताना लक्षात ठेवायला हवं की टेबलावर येणारी बाई आजारी नसते. बहुतेक वेळा तरुण, धडधाकट असते. माझ्यासमोर अपेंडिक्स फुटलेला रुग्ण येतो तेव्हा जोखीम आणि गरज दोन्ही पारड्यांत असतात. इथे दुसरं पारडं हलकं असतं, म्हणून पहिल्यातला प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो.

शवविच्छेदनांनी मात्र प्रश्न जवळजवळ सोडवूनच टाकला. मृतांमध्ये चार गोष्टी पुन्हा पुन्हा सापडत होत्या : नितंबाच्या स्नायूत चरबी, स्नायूच्या खाली चरबी, नितंबाच्या वरच्या किंवा खालच्या मोठ्या शिरेला इजा, आणि हृदयात व फुप्फुसात चरबीचे मोठे गोळे. चरबी फक्त कातडीखालच्या थरात आहे आणि तरीही रुग्ण याच कारणाने दगावली, असं एकही शवविच्छेदन कृतिदलाला मिळालं नाही.

यामागची शरीररचना थोडी सावकाश सांगते, कारण सगळं तिच्यात आहे. नितंबाच्या मोठ्या स्नायूच्या खाली, कटीच्या हाडातल्या एका खिडकीसारख्या भोकातून दोन जाड शिरा बाहेर येतात. त्या आखूड आहेत आणि हाडाजवळ जखडलेल्या आहेत. हातावरची शीर सुई टोचताना बाजूला सरकते, तशी सोय या शिरांना नाही. नळीचा धक्का लागला किंवा भोवतीचा स्नायू ताणला गेला तर त्या फाटतात. इथून हृदयापर्यंतचा रस्ता लांब नाही : श्रोणीतली शीर, मग पोटातली महाशीर, मग हृदयाचा उजवा कप्पा.

बरेच जण समजतात की नळी चुकून शिरेत घुसली आणि चरबी थेट रक्तात टोचली गेली. तसंही होऊ शकतं, पण तेवढंच नाही. स्नायूत काहीशे मिलिलिटर चरबी दाबून भरली की तिथला दाब वाढतो. शिरेतला दाब तर नेहमीच कमी असतो. मध्ये भिंतीला भोक पडलेलं असेल, तर चरबी आपोआप जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ओढली जाते. टाकीतलं पाणी नळीने खालच्या बादलीत ओढून घेतो, तसंच. म्हणजे भरणं थांबवल्यानंतरही चरबी शिरेत जात राहू शकते. २४ तासांतले मृत्यू यातून समजतात. पुढे मृतदेहांवरच्या अभ्यासांनी आणखी एक गोष्ट दाखवली. स्नायूच्या वरच्या भागात भरलेली चरबीही तंतूंमधून वाट काढत खाली, त्याच शिरांच्या शेजारी जाऊन साठते. ‘मी स्नायूत भरतो, पण वरवरच’ हा मधला मार्ग त्यामुळे उरला नाही.

मोफिद यांच्या पाहणीत आणखी दोन गोष्टी धोक्याशी जोडलेल्या दिसल्या. एक, ४ मिलिमीटरपेक्षा बारीक नळी. ती वाकते, आणि वाकलेल्या नळीचं टोक हाताला वाटतं त्यापेक्षा भलतीकडे असतं. दुसरी, टोक खालच्या दिशेला रोखून नळी चालवणं. पालथ्या रुग्णात ‘खाली’ म्हणजे सरळ त्या शिरांकडे.

इतकं कळल्यावर २०१८ मध्ये प्लास्टिक सर्जनांच्या अनेक संघटनांनी एकत्र येऊन सांगितलं : चरबी फक्त कातडीखालच्या थरात भरा, स्नायूत मुळीच नाही. ब्रिटनमधल्या सौंदर्य-शस्त्रक्रिया सर्जनांच्या संघटनेने तर त्याच वर्षी आपल्या सदस्यांना ही शस्त्रक्रिया पुरती थांबवायला सांगितलं. अमेरिकेत अशा शस्त्रक्रियांचं केंद्र होतं दक्षिण फ्लोरिडा. तिथल्या वैद्यक मंडळाने जून २०१९ मध्ये तातडीचा नियम काढला आणि नितंबाच्या स्नायूत किंवा स्नायूखाली चरबी भरायला बंदी केली.

कारण कळलं होतं, उपाय कळला होता, नियमही झाला होता. आणि २०२१ हे दक्षिण फ्लोरिडातलं सर्वाधिक मृत्यूंचं वर्ष ठरलं.

पॅट पझमिनो आणि ओनेलियो गार्सिया या मायामीच्या दोन सर्जननी २०१० ते २०२२ मधल्या अशा मृत्यूंचा मागोवा घेऊन २०२३ मध्ये निबंध लिहिला. एकूण २५ मृत्यू. त्यांतले ९२ टक्के, म्हणजे २३, स्वस्त दरात भरपूर शस्त्रक्रिया करणाऱ्या क्लिनिकांत झाले होते. या क्लिनिकांचं अर्थकारण साधं आहे. दर कमी ठेवायचा, आणि तो परवडण्यासाठी एका सर्जनने दिवसभर एकामागून एक केसेस उरकायच्या. रुग्ण दुसऱ्या राज्यातून विमानाने येते, आणि सर्जनची व तिची पहिली भेट शस्त्रक्रियेच्या सकाळी होऊ शकते. कातडीखालच्या पातळ थरात चरबी नीट पसरवायची तर वेळ लागतो. स्नायूत ओतायला लागत नाही. थकलेला हात, संध्याकाळची पाचवी-सहावी केस, आणि टोक दिसत नसलेली नळी.

इथे मला सर्जनांवर सरसकट ठपका ठेवायचा नाही. काही जणांनी नियम जाणूनबुजून धुडकावला असेल. पण आपण कातडीखालीच आहोत असं मनापासून समजणाऱ्याची नळीही स्नायूत जाऊ शकते, हे या शस्त्रक्रियेचं खरं संकट आहे. मी स्वतः कित्येक वर्षं मज्जातंतूंभोवती सुन्न करणारं औषध फक्त हाताच्या अंदाजाने देत होते. ‘फटकन’ आवरण फुटल्याची जाणीव झाली की पोचलो, असं आम्हाला शिकवलं होतं. सोनोग्राफी हातात आल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं की मला खात्री असायची तिथे सुई नेहमी नसायची. माझा हात वाईट नव्हता. हाताला जेवढं कळतं तेवढंच त्याला कळत होतं.

पझमिनो आणि गार्सिया यांचा आग्रहही याच वस्तूसाठी होता. सोनोग्राफीच्या पडद्यावर स्नायूवरचं आवरण ठळक पांढऱ्या रेघेसारखं दिसतं. नळीचं टोक त्या रेघेच्या वर आहे की खाली, हे भरत असतानाच पाहता येतं, आणि चित्र साठवून ठेवलं की नंतर तपासताही येतं. ‘स्नायूत भरू नका’ हा नियम तोपर्यंत अशा माणसाला सांगितला जात होता ज्याला स्नायू दिसत नव्हता. जून २०२२ मध्ये फ्लोरिडाच्या मंडळाने पुन्हा तातडीचा नियम काढला : एका सर्जनने दिवसाला जास्तीत जास्त ३ शस्त्रक्रिया कराव्यात आणि चरबी भरताना सोनोग्राफी वापरावी. २०२३ मध्ये विधिमंडळाने कायदाच केला. त्यात सोनोग्राफीचं बंधन आलं, सर्जनने आदल्या दिवसापर्यंत रुग्णाला प्रत्यक्ष तपासलं पाहिजे हे आलं, आणि चरबी भरण्याचं काम दुसऱ्याकडे सोपवता येणार नाही हेही. ब्रिटनच्या संघटनेनेही २०२२ मध्ये आपली मनाई उठवली ती याच अटीवर : फक्त वरच्या थरात, आणि डोळ्यांसमोर सोनोग्राफी चालू असताना.

दुसरीकडे, शिफारशी मनावर घेणाऱ्यांची स्थिती सुधारली होती, हेही नोंदवायला हवं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या सर्जनांच्या पाहणीत मृत्यूचं प्रमाण १४,९२१ मध्ये १ इतकं खाली आलेलं दिसलं, म्हणजे पोट घट्ट करण्याच्या शस्त्रक्रियेच्या आसपास. ही पाहणी संघटनेच्या सदस्यांची होती, स्वस्त क्लिनिकांची नव्हे. हीच शस्त्रक्रिया, हीच चरबी, त्याच देशात दोन वेगळी चित्रं दिसत होती.

आपल्याकडे हे वाचताना एक अडचण माझ्या डोळ्यांसमोर येते. भारतात सोनोग्राफी यंत्र म्हटलं की गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आला. महाराष्ट्राने तर देशाच्या आधी, १९८८ मध्येच, असा कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. मुलींचे गर्भ वाचवायला तो हवाच होता आणि आजही हवा आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण त्यामुळे यंत्र कुठलंही असो, त्याची आणि जागेची नोंदणी लागते, ते एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात सहज नेता येत नाही. नाशिक, सातारा, लातूर अशा ठिकाणी तीन-चार रुग्णालयांत फिरून काम करणाऱ्या भूलतज्ज्ञाला आणि प्लास्टिक सर्जनला हे रोज जाणवतं. लहान ऑपरेशन थिएटरमध्ये म्हणूनच ते यंत्र नसतं. चरबी नितंबात भरण्याची केस तिथे घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

चेहऱ्यात चरबी भरताना प्रमाण कमी असलं तरी तीच गोष्ट वेगळ्या रूपात समोर येते. भुवयांच्या मधल्या जागेत चरबी दाबाने धमनीत गेली तर उलट्या दिशेने डोळ्याच्या धमनीपर्यंत पोचते आणि दृष्टी जाते. म्हणून तिथे बोथट टोकाची नळी, अगदी हलका दाब आणि थेंबाथेंबाने भरणं. ‘माझीच चरबी आहे ना’ असं विचारणाऱ्या मुलीला मी आता सांगते की चरबीची काळजी करू नकोस. सर्जनला तीन गोष्टी विचार : कुठल्या थरात भरणार, टोक कसं बघणार, आणि त्या दिवशी तुझ्या आधी किती केसेस आहेत. यातलं शेवटचं विचारायला मुली कचरतात. विचारावं. चांगला सर्जन रागावत नाही.

आणि रुग्ण पालथा असेल अशा प्रत्येक केसला, ती कुठलीही असो, मी रिकामी ट्रॉली थिएटरच्या दाराबाहेर नाही, टेबलाला लागून उभी करायला लावते. हृदय थांबलं आणि पालथ्या माणसाची छाती दाबता यायची, तर आधी त्याला त्या ट्रॉलीवर उताणं करावं लागतं. ट्रॉली शोधायला जाणारा मिनिट त्या वेळी आमच्याकडे नसतो.